सवयीचं पाणी

नंदी स्टॉपच्या अलीकडच्या गतिरोधकावर रिक्षा आदळली तशी सिंधुबाईंच्या मांडीवरची पाण्याची पिशवी हिंदकळली आणि आतल्या तीन माशांपैकी कुठल्यातरी एकानं त्यांच्या तळहाताला धडक दिली. प्लॅस्टिकच्या पलीकडून, इतकी हलकी, की दुसऱ्या कुणाच्या ती ध्यानातही आली नसती. सिंधुबाईंच्या मात्र ही धडक ओळखीची होती. आदर्श पोटात असताना दुपारची भांडी आवरून त्या भिंतीला टेकायच्या, पोटावर हात ठेवायच्या, आणि आतून अशीच एक ढुशी यायची, काहीतरी मागितल्यासारखी. तेव्हा त्या एकट्याच हसायच्या. आता रिक्षात माणसं दाटीनं बसली होती, हसणं शक्य नव्हतं आणि रडणंही. म्हणून त्यांनी पिशवीवर पदर ओढून घेतला. समोरच्या बाईनं तेवढ्यात विचारलंच, "काय हाय माय त्याच्यात? मासे? कालवणाचे का?" "न्हाई वं, शोभेचे हायत. नात यायलीय उद्या नांदेडहून." "लेकीची पोर का?" मुलाची पोर, आणि मुलगा आता नाही, आणि सून आता सून राहिलेली नाही, हे सगळं स्टॉप यायच्या आत सांगून होण्यासारखं नव्हतं. "हाव," त्या म्हणाल्या, "लेकीचीच." बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, यात खोटं तरी काय, ऋतुजाला सून असून लेक म्हणूनच तर घरातून दिली आपण.

खोटं त्या दुसरीकडं बोलल्या होत्या. गेले चार-पाच महिने चिमीचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आजी, पाटील काय करायलाय?" पाटील म्हणजे काचेच्या टाकीतला मोठा नारिंगी मासा. दाणे टाकले की बाकीच्यांना बाजूला सारून पुढं यायचा, पोटभर खायचा आणि मग मधोमध थांबून सगळ्यांवर नजर ठेवायचा, म्हणून आदर्शनंच त्याचं नाव पाटील ठेवलं होतं. "पाटील तुझी वाट बघायलाय," सिंधुबाई सांगायच्या. "आन बाकीचे?" "ते बी बघायलेत." बाकीचे कुठले आलेत बघायला. उन्हाळ्यात एकदा दिवसभर वीज गेली, हवेची मोटर बंद पडली, आणि संध्याकाळी पाटील सोडून सगळे वर तरंगत होते. ते पोरीला सांगायचं राहून गेलं, मग सांगायची वेळ टळली, आणि मग सांगणं जड झालं. आता ती उद्या येणार होती. ऋतुजाचं दुसरं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच या घरात पाऊल टाकणार, आणि आल्या आल्या चपलाही न काढता टाकीपाशी धावणार, हे सिंधुबाईंना पक्कं ठाऊक होतं. टाकीत एकटा पाटील दिसला तर पोर काय समजेल? आपण गेलो आणि मागं सगळं संपलं, असंच ना? लेकराला परत यावंसं वाटायला हवं असेल तर घर जसं सोडलं तसं सापडलं पाहिजे. एवढ्यासाठी त्या गंजगोलाईमागच्या फरहानच्या दुकानात गेल्या होत्या. आदर्श त्याच्याकडंच जायचा. फरहाननं त्यांना ओळखलं, स्टूल पुढं सरकवला, आणि मासे निवडून देताना म्हणाला, "मावशी, घरी गेल्यावर पिशवी तशीच बांधलेली टाकीत तरंगू द्या. अर्धा तास. मग थोडं थोडं तुमचं पाणी पिशवीत टाका, मग सोडा. घाई नका करू." सिंधुबाई म्हणाल्या, "ठावं हाय बाबा मला, बघितलंय." आणि दोघंही मग दुसरीकडं बघायला लागले.

बघितलेलं होतंच. आदर्श रविवारी अशीच पिशवी घेऊन यायचा, ती टाकीत सोडायचा, आणि समोर मांडी घालून बसून राहायचा. चिमी त्याच्या मांडीत. जेवण थंड व्हायचं. सिंधुबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "मासे हायत का जावई आलेत रे? एवढा मान कशापायी?" तो हसायचा. म्हणायचा, "आई, नव्या घरी एकदम ढकललं की जीव घाबरतो. ऋतुजाला विचार की." आणि ऋतुजा पोळ्या लाटता लाटता मान खाली घालून हसायची, कारण ती नवी आली तेव्हा आठ दिवस या घरात कुणाशी धड बोलली नव्हती, आणि आदर्श रोज संध्याकाळी तिला गाडीवर बसवून औसा रोडनं उगाच लांबवर चक्कर मारून आणायचा, थोडं बाहेर थोडं घरात, असं करत करत त्यानं तिला घराची केली होती. आज त्याच जागी सिंधुबाई स्टूल ओढून बसल्या. खाली बसलं तर गुडघे उठू देत नाहीत. पिशवी पाण्यावर डुलत होती. आतले तिघे एकमेकांना चिकटून, आणि बाहेरून पाटील एकदाच जवळ येऊन बघून गेलेला. मघापासून तो कोपऱ्यातल्या दगडाशी होता. त्याच्या उजव्या कल्ल्यामागं रुपयाएवढा पांढरा डाग होता; हवेच्या नळीत अडकून खवले निघाले होते तेव्हाचा. त्या दिवशी सिंधुबाई हळद घेऊन धावल्या होत्या, आणि आदर्श पोट धरधरून हसला होता. चिमी मात्र हसली नव्हती. ती रोज काचेला नाक लावून विचारायची, "पाटलाला दुखायलंय का?" डाग गेला नाही. आदर्श गेला. औशाहून येताना पुढं उसाची ट्रॉली होती, तिला मागं दिवा नव्हता, एवढंच. त्याचे कपडे वाटून टाकले, मोडलेली गाडी भंगारात गेली, फोनचा नंबर बंद होऊन दुसऱ्याच कुणाला मिळाला, आणि एकदा चुकून लावला तर पलीकडून कुणीतरी परका बाप्या "कोण पायजे?" म्हणाला. त्याच्या हातची जिवंत अशी एकच गोष्ट या घरात उरली होती, आणि ती त्या दगडाशी स्वस्थ उभी होती.

लग्नाचं सिंधुबाईंनीच मनावर घेतलं होतं. पोर तरणी आहे, पुढं सगळं आयुष्य पडलंय, हे त्यांनी आधी नवऱ्याला, किशनरावांना सांगितलं, मग ऋतुजाच्या आईबापांना, आणि सर्वांत शेवटी ऋतुजाला. ती रडली, नाही म्हणाली, चिडलीसुद्धा. सिंधुबाई हटल्या नाहीत. नांदेडच्या कौठ्यातलं स्थळ, शिवशंकर नावाचा खत-बियाण्यांचं दुकान चालवणारा शांत माणूस, त्याची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. सिंधुबाईंनी स्वतःच्या हातानं ऋतुजाला कुंकू लावलं, ओटी भरली. मांडवातल्या बायका पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, असं काळीज कुणाला असतंय. सिंधुबाईंना तेव्हा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोला. किशनरावांनी फक्त एक गोष्ट मागितली होती, "चिमी आपल्यापाशी राहू दे." त्यावरही सिंधुबाईच म्हणाल्या, "लेकरू आईपाशीच शोभतंय." बरोबरच बोलल्या होत्या. सगळं बरोबरच केलं होतं. फक्त ते सगळं केल्यावर घरी परत आलं की काय होतं, ते कुणी सांगितलं नव्हतं. कुलूप काढलं, आत आल्या, आणि टाकीतल्या मोटरचा बुडबुड आवाज घरभर ऐकू आला. याआधी तो कधी ऐकूच आला नव्हता. किशनराव त्या दिवसापासून बोलायचे कमी झाले. रागावले नव्हते, नुसते टीव्हीसमोर बसायचे, आणि टीव्ही बंद झाला तरी बसूनच राहायचे.

आताही ते तिथंच बसले होते. "सोडलेस का?" त्यांनी विचारलं. "सोडायलेय." सिंधुबाईंनी पिशवीची गाठ सोडली, वाटीनं टाकीतलं पाणी आत घातलं, थांबल्या, पुन्हा घातलं. नव्यांचा इतका मान ठेवला की आदर्शलाही नाव ठेवायला जागा राहिली नसती. अखेर पिशवी कलती केली तसे तिघे एकामागोमाग बाहेर पडले आणि काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं घर बघून आले. पाणी एकदम नितळ होतं. ते तसं दिसावं म्हणून त्यांनी कालचा दिवस घालवला होता. या घरात बोअरचं पाणी भांड्यांना, कपड्यांना आणि टाकीला. त्यानं बादल्यांना पांढरे थर चढतात आणि डाळ शिजत नाही. नळाचं पाणी आठ-दहा दिवसांनी येणार. प्यायला टेम्पोवाल्याचा जार. आणि लातुरात पाहुणा आला की त्याच्यापुढं जारचंच पाणी ठेवायचं, बोअरचं ठेवलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून चिमी यायची, नवे मासे यायचे, तर काल त्यांनी पाटलाला मोठ्या गाळणीनं बादलीत काढलं, टाकीतलं जुनं पिवळट पाणी मग्गा मग्गा करून कुंड्यांना घातलं, काच घासली, आणि घरातले दोन्ही भरलेले जार टाकीत उपडे केले. टेम्पोवाला आता सोमवारी येणार होता, तरी केले. आदर्शनं इतकी वर्षं माशांना बोअरचं पाणी का वापरलं हे त्यांना कधी कळलं नव्हतं. पोरगा काटकसर करतो असं वाटायचं. मग पाटलाला त्या गोड पाण्यात सोडलं, वरून, गाळणी उलटी करून, आणि म्हणाल्या, "घे, तुझीबी चैन हाय." तो डुबकन आत गेला. आपण कुणावर तरी उपकार केल्याचं समाधान सिंधुबाईंना फार दिवसांनी मिळालं होतं.

संध्याकाळी दिवा लावायला उठल्या तेव्हा पाटील तळाशी टेकलेला दिसला. दाणे टाकले. नव्यांनी खाल्ले. पाटलानं एकदा तोंड उघडलं, मिटलं, आणि बाजूला कलला. मग सावरला. मग पुन्हा कलला. सिंधुबाईंनी काचेवर बोटानं टकटक केलं, तशी आदर्श करायचा तशी, दोनदा आणि मग थांबून एकदा. त्या टकटकीला तो नेहमी वर यायचा. आज आला नाही. त्यांनी फरहानला फोन लावला. "मावशी, पाणी बदललं का?" "हाव. जारचं टाकलं. सगळं ताजं, गोड." "सगळंच?" "सगळंच की." "नवे ठीक हायत ना?" "ते लई मजेत हायत." "आमचे मासे फिल्टरच्या पाण्यातच असतात मावशी. त्यांना काय होत न्हाई. पण तुमचा पाटील बोअरचा हाय, त्याला हे पाणी सोसत न्हाई. एकदम नको होतं बदलायला." मग त्यानं घाईघाईनं सांगितलं की थोडं काढा, थोडं बोअरचं टाका, हळूहळू, अल्लाह करे आणि सुधारेल. सिंधुबाईंनी मग्गा घेतला. थोडं काढलं, थोडं टाकलं. घाईत पाणी फरशीवर सांडत होतं. नव्यांची पिशवी आपण अर्धा तास डुलवत बसलो, वाटी वाटी पाणी घालत बसलो, हे पाहुणे, यांना त्रास होऊ नये. आणि जो इथलाच, ज्यानं उन्हाळा काढला, वीज गेलेली काढली, एकटेपण काढलं, त्याला काय, तो घरचाच, म्हणून त्याच्यासाठी वाटीभरही थांबलो नाही. घरच्याला काय व्हायचंय, असं आपण धरूनच चालतो. त्यांनी किशनरावांकडं पाहिलं. बंद टीव्हीच्या काचेत त्यांचा चेहरा दिसत होता. आपण या माणसालाही विचारलं नव्हतं, हे सोसेल का म्हणून. आणि स्वतःलाही कुठं विचारलं होतं. त्यांना एकाएकी आदर्शची इतकी आठवण आली, नुसता तो समोर बसून "आई, तसं न्हाई, असं" म्हणावा म्हणून, की मग्गा तिथंच ठेवून त्या फरशीवर बसल्या, गुडघ्यांची पर्वा न करता, आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. किशनराव उठून आले. मग्गा उचलून ते पाणी काढत आणि घालत राहिले.

सकाळी पाटील वर तरंगत होता. नवे तिघे त्याच्या खालून ये-जा करत होते. किशनरावांनी त्याला ओंजळीत घेतलं, गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत कालथ्यानं खड्डा केला, आणि झाकल्यावर माती दोनदा थोपटली. हात धुताना ते म्हणाले, "पोरीला काय सांगायचं?" सिंधुबाईंनी त्यांच्या हातावर आणखी पाणी ओतलं. "त्या नव्यातला एक थोराड हाय," किशनराव हळू म्हणाले, "त्याच्यावानीच दिसतोय." इतक्या महिन्यांत ते आपणहून एवढं बोलले नव्हते. सिंधुबाईंनी मान हलवली, आणि पुरणासाठी डाळ धुवायला घेतली. डाळ शिजायला जारचं पाणी लागतं आणि ते टाकीत गेलंय, हे मग ध्यानात आलं, आणि शेजारून तांब्याभर मागून आणावं लागलं.

ती मंडळी उन्हं तापायच्या आत आली. ऋतुजा अंगानं भरली होती; तिनं खाली वाकून पाया पडताना सिंधुबाईंचे पाय नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवले. मागून शिवशंकर, हातात पेढ्यांचा पुडा, दारातच चप्पल नीट जोडून ठेवणारा. त्याला पाणी देताना सिंधुबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जार संपलाय बगा, बोअरचंच हाय." "चालतंय की, आई," तो म्हणाला, आणि तोंड वेडंवाकडं न करता अख्खा तांब्या प्यायला. याचा राग करता आला असता तर बरं झालं असतं, असं सिंधुबाईंना वाटून गेलं. चिमी टाकीपाशी धावली नाही. ती ऋतुजाच्या ओढणीला धरून उभी राहिली आणि पाहुण्यांच्या घरात बघावं तसं इकडंतिकडं बघत राहिली. बापाच्या फोटोकडं, फोटोला घातलेल्या हाराकडं, आजोबांकडं. उंच झाली होती. नवा फ्रॉक, नवा केसांचा कट. "ये की, बाळा," सिंधुबाई म्हणाल्या. ती आली, पण हळू, एकेक पाऊल. घाई करायची नाही, सिंधुबाईंनी मनाशी म्हटलं, हात पुढं केला नाही, नुसत्या बसून राहिल्या. थोड्या वेळानं चिमीचं बोट त्यांच्या बोटात आलं. "आजी, मासे?" "हायत की. चल."

काचेला नाक लावून ती बघत राहिली. ऋतुजाही मागं येऊन उभी राहिली. तिनं टाकीवर एकदाच नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग दगडाच्या कोपऱ्यात, आणि मग ती सिंधुबाईंकडं बघू लागली. सिंधुबाईंनी डोळे वर केले नाहीत. चिमीनं काचेवर टकटक केलं. दोनदा, आणि थांबून एकदा. हे ती विसरली नव्हती. थोराड मासा, भूक लागली असेल म्हणून, की नवाच असल्यामुळं कशालाही बुजत नव्हता म्हणून, सरळ वर आला आणि तिच्या बोटासमोर थांबला. "पाटील!" चिमी ओरडली. तिचा चेहरा असा उजळला की किशनराव टीव्हीसमोरून उठून उभेच राहिले. "आजी, पाटील आला! ओळखलं मला त्यानं!" "मग," सिंधुबाई म्हणाल्या, "वाट बघायलाय म्हनलं न्हवं का तुला." मग चिमीनं काचेला पुन्हा नाक टेकवलं. मान वाकडी करून ती माशाच्या उजव्या अंगाकडं निरखून बघू लागली. तो वळला तशी तीही काचेबरोबर सरकली. सिंधुबाईंनी हातातली दाण्यांची डबी घट्ट धरली. "आजी," चिमी हळूच म्हणाली, "याला इथं लागलेलं होतं ना? पांढरं?" मागं ऋतुजानं खुर्चीची पाठ धरली. सिंधुबाई काही बोलायच्या आत पोरीनं स्वतःच ते सोडवलं. तिनं वळून आजीकडं पाहिलं, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा मनापासून हसली.

"बरं झालं त्याचं!"

"हाव, माय," सिंधुबाई म्हणाल्या, "झालं बरं." आणि त्यांनी डबीचं झाकण उघडून चिमीच्या हातावर चार दाणे ठेवले.